दूरस्थ विद्यार्थी आणि विद्यापीठीय गणित : तंत्रज्ञान काय साधते, काय साधत नाही

वर्गात न येता विद्यापीठाच्या पातळीवरील गणित शिकणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणारा अभियंता, लहान मुलांमुळे घराबाहेर पडू न शकणारी माता, जहाजावर किंवा तेलक्षेत्रावर महिनोन्‌महिने राहणारा कर्मचारी, अंध विद्यार्थी, दुर्गम भागातील तरुण असे अनेक जण या वर्गात मोडतात. त्यांच्यापर्यंत व्याख्यान पोहोचवण्याचा प्रश्न तंत्रज्ञानाने बऱ्याच अंशी सोडवला आहे. मात्र गणित हा विषय ऐकून येत नाही, तो करून येतो. विद्यार्थ्याने कागदावर लिहिलेल्या पाचव्या ओळीत चूक झाली, तर ती कोणीतरी पाहावी लागते, ती का चूक आहे हे सांगावे लागते आणि तेही विद्यार्थी त्या उदाहरणात गुंतलेला असतानाच. त्यामुळे दूरस्थ गणितशिक्षणाच्या कोणत्याही साधनाची खरी कसोटी एकच : शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जाणाऱ्या वाटेइतकीच विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे येणारी वाट ते खुली करते का? गेल्या पन्नास वर्षांतील प्रमुख साधनांचा आढावा या कसोटीवर घेता येतो.

दूरचित्रवाणी, टपाल आणि शिक्षक

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीचा. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये 'आकाशवाणीवरील विद्यापीठा'ची कल्पना मांडली. जेनी ली यांनी मंत्री या नात्याने तिला आकार दिला. १९६९ मध्ये विद्यापीठाला राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट नव्हती. आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमांत गणिताचा समावेश होता. बीबीसीवरून प्रसारित होणारे गणिताचे कार्यक्रम अनेकांच्या स्मरणात आहेत, आणि त्या काळातील प्राध्यापकांचे पोशाख व केशरचना हा ब्रिटनमध्ये अजूनही विनोदाचा विषय आहे.

परंतु या विद्यापीठाचा कणा दूरचित्रवाणी हा नव्हता. कणा होता तो टपालाने येणारा छापील अभ्यासघटक आणि टपालानेच जाणारा स्वाध्याय. विद्यार्थी स्वाध्याय सोडवून आपल्या शिक्षकाकडे पाठवी. शिक्षक तो केवळ गुण देऊन परत करीत नसे, तर प्रत्येक पायरीशेजारी शेरा लिहीत असे. शेरा हेच अध्यापन, असे मानून शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले जाई. एकेका शिक्षकाकडे मर्यादित संख्येचाच गट सोपवला जाई. जोडीला अभ्यासकेंद्रांतील भेटी आणि उन्हाळी निवासी वर्ग होते. गणिताच्या विद्यार्थ्यांना अभ्यासकेंद्रांतील टेलिटाइप यंत्रांवरून दूरच्या संगणकाशी संपर्क साधता येत असे. १९८०च्या दशकाच्या आरंभी 'सायक्लॉप्स' या प्रणालीद्वारे दूरध्वनीच्या तारेवरून अनेक केंद्रांतील पडद्यांवर एकाच वेळी लिहिण्याचा प्रयोगही तेथे झाला. आजच्या सामाईक फळ्याची ती पूर्वपीठिका होय.

रात्री उशिरा होणारे हे प्रसारण डिसेंबर २००६ मध्ये थांबले. माध्यम बदलले, पण शिक्षकाने तपासलेल्या स्वाध्यायाची पद्धत टिकली. कोणता भाग टिकाऊ होता, हे त्यावरून समजते.

चिन्हांचा प्रश्न

इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला इंटरनेट आले तेव्हा फारशी अडचण आली नाही. त्याचा मजकूर कळफलकावर टंकित होत होता. गणिताची भाषा मात्र द्विमितीय आहे. अपूर्णांक वर-खाली लिहिले जातात, घातांक डोक्यावर बसतो, संकलनाच्या चिन्हाला वर आणि खाली सीमा असतात. ही लिपी संगणकावर आणणे हेच पहिले मोठे काम होते.

आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या डोनाल्ड नूथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'टेक' ही अक्षरजुळणी प्रणाली लिहायला घेतली. त्यावर आधारलेली लेस्ली लॅम्पोर्ट यांची 'लाटेक' ही आज जगभरातील गणितज्ञांची सामाईक लेखनपद्धती आहे. मात्र तिचे फलित छापील पानासाठी होते. वेबपृष्ठांसाठी १९९८ मध्ये 'मॅथएमएल' हे प्रमाण मान्य झाले, पण ब्राउझरांनी ते मनावर घेतले नाही. त्यामुळे अनेक वर्षे सूत्रांची चित्रे पानावर चिकटवली जात. २०१० मध्ये उपलब्ध झालेल्या 'मॅथजॅक्स'ने ही कोंडी फोडली. लेखकाने लाटेकच्या पद्धतीने लिहावे आणि वाचकाच्या ब्राउझरने ते सुबक सूत्र म्हणून दाखवावे, अशी सोय झाली. क्रोम ब्राउझरने मॅथएमएलचा गाभा स्वीकारायला २०२३ साल उजाडावे लागले.

हा तांत्रिक तपशील वाटतो, पण एका विद्यार्थिवर्गासाठी तो शिक्षणाचे दार उघडणारा किंवा बंद करणारा आहे. अंध विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर चित्रातील सूत्र वाचू शकत नाही. 'चित्र' एवढेच उच्चारून ते पुढे जाते. त्याउलट रचना जपून लिहिलेले सूत्र ते उच्चारू शकते, अपूर्णांकाचा अंश कोठे संपतो हे सांगू शकते आणि स्पर्शनीय ब्रेल पट्टीवर उमटवूही शकते. शिक्षकाने हाताने लिहिलेल्या टिपणांची छायाचित्रे चढवणे सोपे असते. पण त्या सोपेपणाची किंमत वर्गातील असा एखादा विद्यार्थी मोजत असतो.

व्याख्यानांचे भांडार

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. त्यातील गिल्बर्ट स्ट्रँग यांची रैखिक बीजगणितावरील व्याख्याने जगभर पाहिली गेली. साधा खडू, साधा फळा, आणि सारणीकडे स्तंभांचा समूह म्हणून पाहण्याची स्ट्रँग यांची दृष्टी, एवढ्याच बळावर ती लोकप्रिय झाली. मे २०२३ मध्ये त्यांनी या अभ्यासक्रमाचे अखेरचे व्याख्यान दिले. भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटीईएल' प्रकल्पाने वास्तव विश्लेषणापासून आंशिक विकलक समीकरणांपर्यंत अनेक विषयांची संपूर्ण व्याख्यानमाला उपलब्ध करून दिली. २०१४ पासून तेथे स्वाध्याय आणि प्रमाणपत्र परीक्षा यांचीही जोड मिळाली.

अशा भांडारांचा लाभ कोणाला होतो, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नोंदणी करणाऱ्यांपैकी केवळ सुमारे ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. शुल्क भरून प्रमाणपत्राचा मार्ग निवडणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. कुतूहलाने डोकावणारे आणि निश्चय करून आलेले यांच्यात फरक करायलाच हवा; तरीही व्याख्यान उपलब्ध असणे आणि शिक्षण होणे यांतील अंतर या आकड्यांतून दिसते.

त्याहून बोलका अनुभव कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचा. या विद्यापीठाने २०१३ मध्ये उडॅसिटी या कंपनीच्या साहाय्याने पूर्वतयारीचे गणित, महाविद्यालयीन बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र हे तीन विषय ऑनलाइन शिकवले. पहिल्या सत्रात पूर्वतयारीच्या गणितात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी राहिले आणि त्याच वर्षी प्रयोग काही काळ थांबवण्यात आला. सहभागी विद्यार्थ्यांत आधी त्या विषयात अनुत्तीर्ण झालेले तसेच शाळकरी विद्यार्थीही होते, आणि काहींना घरी संगणकाची सोय नव्हती. ज्याला गणित आधीच जमते तो ध्वनिचित्रफितीवरूनही शिकतो. ज्याचा पाया कच्चा आहे त्यालाच माणसाची सोबत सर्वाधिक लागते, असा या अनुभवाचा धडा आहे.

उत्तर तपासणारे यंत्र

परतीची वाट खुली करण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न म्हणजे 'स्टॅक' ही मुक्तस्रोत प्रणाली. ख्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात तिची सुरुवात केली. आज एडिनबरा विद्यापीठ, ओपन युनिव्हर्सिटी, केनियातील मासेनो विद्यापीठ यांसह अनेक देशांत तिचा वापर होतो. तिच्या पोटात 'मॅक्सिमा' ही संगणकीय बीजगणिताची प्रणाली काम करते. 'मॅक्सिमा'च्या पूर्वज प्रणालीचा जन्म एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस झाला. विल्यम शेल्टर यांनी तिचे जतन करून ती मुक्त परवान्याखाली आणली.

बहुपर्यायी प्रश्नात विद्यार्थी चार उत्तरांतून एक निवडतो, आणि पुष्कळदा उत्तरांवरून उलट्या दिशेने प्रश्न सोडवतो. स्टॅकमध्ये तो स्वतः राशी लिहितो. समजा, '३ गुणिले क्षचा वर्ग' या राशीचे संकलन करायचे आहे. एक विद्यार्थी 'क्षचा घन अधिक स्थिरांक' असे लिहितो, दुसरा स्थिरांकाचे पद आधी लिहितो, तिसरा स्थिरांक विसरतो आणि चौथा '६ क्ष' असे लिहितो. प्रणाली त्यांची उत्तरे साठवलेल्या उत्तराशी अक्षरशः जुळवून पाहत नाही. ती विद्यार्थ्याच्या उत्तराचे विकलन करते आणि मूळ राशी परत मिळते का हे तपासते. पहिल्या दोघांना पूर्ण गुण मिळतात; तिसऱ्याला संकलनाच्या स्थिरांकाची आठवण करून दिली जाते; चौथ्याला संकलनाऐवजी विकलन झाल्याचे सांगितले जाते. हा अभिप्राय त्याच क्षणी, रात्री दोन वाजताही मिळतो.

याच तत्त्वामुळे असंख्य बरोबर उत्तरे असलेले प्रश्नही विचारता येतात. 'क्ष = २ येथे जिची स्पर्शिका आडवी असेल अशी त्रिघाती बहुपदी लिहा' किंवा 'शून्येतर असूनही जिचा वर्ग शून्य होतो अशी दोन बाय दोनची सारणी द्या' असे प्रश्न शेकडो वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला नकोसे वाटतात, यंत्राला वाटत नाहीत. उदाहरण रचण्याची क्रिया संकल्पना पक्की करते, म्हणून या प्रश्नांचे मोल मोठे आहे. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे देता येत असल्याने मित्राचे उत्तर उतरवून भागत नाही. मित्राला रीत विचारावी लागते, आणि ते इष्टच आहे.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. गुणाकाराचे चिन्ह, कंस आणि घातांक कळफलकावर कसे लिहायचे हे आधी शिकावे लागते. ते न शिकवता परीक्षा घेतली तर गणिताची नव्हे, टंकलेखनाची परीक्षा होते. म्हणूनच विद्यार्थ्याने लिहिलेली राशी यंत्राला कशी समजली, हे गुणांकनापूर्वी त्याला सूत्ररूपात दाखवण्याची सोय स्टॅकमध्ये आहे. चांगला प्रश्न रचायला अनुभवी शिक्षकालाही बराच वेळ लागतो. यादृच्छिक आकड्यांमुळे एखाद्याच्या वाट्याला अवाजवी कठीण किंवा निरर्थक उदाहरण येऊ नये, यासाठी प्रत्येक रूप तपासावे लागते. आणि मुख्य म्हणजे अशी प्रणाली अंतिम राशी उत्तम तपासते. तिथवर पोहोचणाऱ्या युक्तिवादाबद्दल ती फारसे बोलू शकत नाही.

सिद्धता आणि दूरस्थ विद्यार्थी

विद्यापीठीय गणित शालेय गणितापासून वेगळे होते ते सिद्धतेपाशी. आकडेमोड उत्तम करणारे विद्यार्थी 'प्रत्येक धन संख्येसाठी अशी एक धन संख्या अस्तित्वात असते की' या धाटणीच्या वाक्यापाशी अडखळतात. वर्गात शिक्षक शंका ऐकतो, चेहरे पाहतो आणि वेग कमी करतो. पडद्यापलीकडच्या विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, आणि पुष्कळदा कॅमेराही बंद असतो.

या संदर्भात सिद्धता-साहाय्यक सॉफ्टवेअरने नवी शक्यता दाखवली आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील केव्हिन बझर्ड आणि त्यांचे सहकारी मोहम्मद पेद्रामफर यांनी २०१९ मध्ये 'लीन' या प्रणालीवर आधारित 'नॅचरल नंबर गेम' तयार केला. तो ब्राउझरमध्येच खेळता येतो. शून्य आणि 'पुढची संख्या' एवढ्याच सामग्रीवरून बेरजेचे क्रमनिरपेक्षत्वासारखे नियम विद्यार्थ्याने स्वतः सिद्ध करायचे असतात. प्रत्येक पायरीनंतर काय हाती आहे आणि काय सिद्ध करायचे उरले आहे, हे पडद्यावर दिसते. अवैध पायरी यंत्र स्वीकारतच नाही. 'हे उघडच आहे' असे म्हणून पुढे जाण्याची सवय त्याने मोडते.

तथापि यंत्राने मान्य केलेली सिद्धता आणि माणसाला समजेल अशी लिहिलेली सिद्धता या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी शिकायची तर आजही लेखन, वाचन आणि शेरा हाच मार्ग आहे. त्यासाठीची साधने मात्र सुलभ झाली आहेत. विद्यार्थी कागदावर लिहितो, मोबाइलने छायाचित्र काढून पाठवतो. शिक्षक लेखणीच्या साहाय्याने टॅबलेटवर त्याच ओळींशेजारी शेरा लिहून परत करतो. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातील विद्यापीठांनी घाईने उभारलेल्या व्यवस्थेत हीच साधी पद्धत पुष्कळ ठिकाणी उपयोगी ठरली. हे ओपन युनिव्हर्सिटीच्या टपालाचेच वेगवान रूप आहे.

परीक्षा आणि विश्वास

दूरस्थ पदवीचे मूल्य अखेर परीक्षेच्या विश्वासार्हतेवर ठरते. २००९ पासून 'वुल्फ्रम अल्फा'सारखी साधने पदवीच्या पहिल्या वर्षाची बहुतेक आकडेमोड क्षणात करून देतात. छायाचित्रावरून उदाहरण सोडवणारी ॲप आली आणि आता भाषिक कृत्रिम बुद्धिमत्ता पायऱ्यांसह उत्तर लिहून देते. ते उत्तर ओघवते असते, पण त्यातील एखादी पायरी चुकीची असू शकते आणि नवशिक्याला ती ओळखता येत नाही. अशा स्थितीत घरी सोडवायच्या स्वाध्यायांचे गुण हा ज्ञानाचा पुरावा म्हणून दुबळा झाला आहे. सराव म्हणून त्याचे महत्त्व कायम आहे.

यावर संस्थांनी वेगवेगळे मार्ग काढले. एनपीटीईएलची व्याख्याने घरी पाहता येतात, पण प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमातही हेच धोरण आहे. तेथे पात्रतेसाठी आधी काही आठवडे गणित व संख्याशास्त्रासह प्रत्यक्ष अभ्यास करून मग परीक्षा द्यावी लागते. अन्य काही ठिकाणी छोटी तोंडी परीक्षा घेतली जाते. 'ही पायरी का घेतली?' या एका प्रश्नाने विद्यार्थ्याची समज उघड होते. कॅमेऱ्याने विद्यार्थ्याच्या हालचालींवर पाळत ठेवणाऱ्या पद्धतीबाबत मात्र खासगीपणाचे आणि अन्यायाचे गंभीर आक्षेप आहेत. भाड्याच्या एका खोलीत कुटुंबासह राहणाऱ्याला एकांताची अट पाळता येत नाही, एवढ्याने तो अप्रामाणिक ठरत नाही.

भारतातील आणि मराठीतील संदर्भ

विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा दूरदर्शनवरील कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. आज परदेशात असलेल्या अनेक मराठी व्यावसायिकांनी तो विद्यार्थिदशेत पाहिला असेल. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे राष्ट्रीय व्यासपीठ आले आणि तेथील श्रेयांक नियमित पदवीत धरण्याची तरतूद झाली. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्यामुळे आपल्या महाविद्यालयात न शिकवला जाणारा विषय घेता येतो.

भाषेचा प्रश्न मात्र उरतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'विकलन' जाणतो, 'सदिश' जाणतो. पण पदवीच्या पातळीवरील जवळजवळ सर्व ऑनलाइन साहित्य इंग्रजीत असते. गणित आणि भाषा या दोन्हींशी तो एकाच वेळी झुंजतो, आणि विराम देऊन पुन्हा पाहण्याची सोय एवढाच त्याला ध्वनिचित्रफितीचा आधार असतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लाटेक, सायलॅब यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ तयार करून त्यांतील अनेकांचे मराठीसह भारतीय भाषांत रूपांतर केले आहे. सूत्र सर्व भाषांत एकच असते. त्याभोवतीचे स्पष्टीकरण आपल्या भाषेत मिळाले, तर अर्धी वाट सरते.

अभ्यासक्रम निवडताना

स्वतःसाठी, पाल्यासाठी किंवा मायदेशातील एखाद्या विद्यार्थ्याला साहाय्य करताना दूरस्थ गणित अभ्यासक्रमाची पारख काही साध्या प्रश्नांनी करता येते. लिहून दिलेला स्वाध्याय माणूस तपासतो का, आणि किती दिवसांत परत करतो? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? स्वयंचलित प्रश्न केवळ बहुपर्यायी आहेत, की विद्यार्थ्याला स्वतः राशी लिहावी लागते आणि चुकीनुसार अभिप्राय मिळतो? सिद्धता लिहिण्याचा सराव आहे का? साहित्य मंद इंटरनेटवर उतरवून घेता येते का आणि वाचक-सॉफ्टवेअरला वाचता येते का? थेट तासाची वेळ विद्यार्थ्याच्या देशातील घड्याळाशी जुळते का? परीक्षा कोठे आणि कशी होते, आणि ती पदवी कोणत्या संस्थेला मान्य आहे?

ध्वनिचित्रफितींची संख्या आणि व्यासपीठाचे नाव यांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक सांगून जातात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विज्ञान-गणिताच्या वर्गांविषयीच्या २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. तो अभ्यास प्रामुख्याने प्रत्यक्ष वर्गांचा होता. पण समोर बसलेल्या विद्यार्थ्यालाही नुसते ऐकणे पुरत नसेल, तर हजारो मैलांवर एकट्याने बसलेल्या विद्यार्थ्याला ते कसे पुरावे? त्याला दररोज काहीतरी सोडवायला मिळावे आणि सोडवलेले कोणीतरी पाहावे, ही व्यवस्था ज्या अभ्यासक्रमात आहे तोच निवडावा.